कपाळावरची तारीख

मी एक फाईल बोलतेय. कपाटात दोरीने बांधून ठेवतात ती पुठ्ठ्याची नव्हे. मी संगणकातली, नुसत्या अक्षरांची. माझं नाव 'मापं'. एका शिंप्याच्या, म्हणजे आमच्या मास्तरांच्या, दुकानातली अकराशे माणसं माझ्या पोटात आहेत. कुणाची बाही आखूड, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा पाऊण इंच लांब, सगळं मला ठाऊक आहे आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

एक गोष्ट आधीच कबूल करते. माझा स्वभाव जळका आहे. दुकानात शिलाईचं मशीन होतं, मी त्याच्यावर जळायचे. त्याला दर शनिवारी तेल मिळायचं आणि दुकान बंद करताना अंगावर धुतलेलं कापड. मला तेल नकोच होतं, पण कुणी विचारायला तरी हवं होतं की नाही?

माझ्याआधी मापांची एक वही होती. एकदा तापलेली इस्त्री तिच्यावरच राहिली आणि आठ पानं जळाली. त्यातल्या एका गिऱ्हाइकाची पँट तेव्हा अर्धी कापून झाली होती.  मग मास्तरांची मुलगी ठकी तिच्या ऑफिसातून टाकून दिलेला एक संगणक उचलून घेऊन आली. ऑफिसातल्या यंत्रांची देखभाल करणं हेच तिचं काम. हे यंत्र इतकं जुनं की त्यावर चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि टाईप करायचे हुकूम. त्यात तिने मला जन्म दिला. मास्तर एका बोटाने लिहायचे आणि प्रत्येक आकडा लिहून झाल्यावर चष्मा वर करून तो खरंच उमटलाय का ते बघायचे.

आम्हा फायलींच्या कपाळावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. मालक कोण, आत लिहायची मुभा कुणाला, आणि शेवटचं काही लिहिलं गेलं ते कोणत्या दिवशी, किती वाजता. पोटातला मजकूर सगळेच वाचतात, कपाळ फारसं कुणी वाचत नाही. ठकीने मात्र पहिल्याच दिवशी बाबांना आणि थोरल्या भावाला ते वाचायला शिकवलं. माझ्या कपाळावर मालक म्हणून 'मास्तर' लिहिलेलं होतं. त्याचा मला किती ताठा होता म्हणून सांगू.

माणूस माप देताना पोट आत घेतो. मोठमोठे अधिकारीसुद्धा घेतात. मास्तर टेप धरून थांबायचे, घरच्यांची चौकशी करायचे, आणि उत्तर द्यायला माणसाने श्वास सोडला की आकडा वाचायचे. खरं तर त्यांना टेपची गरजच नव्हती. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की चष्म्यावरून डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघायचे आणि माप तयार. टेप गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

त्यांचा थोरला मुलगा कापड कापायचा आणि ते शिवायचे. त्याची कात्री इतकी सरळ चालायची की मास्तर हातातलं काम सोडून बघत राहायचे. मी त्याच्यावरही जळायचे. मग एक दिवस त्याने सांगितलं की तयार कपड्यांच्या कारखान्यात त्याला कटिंगचं काम मिळालंय.

"तिथे माणसाला माप नसतं," मास्तर म्हणाले. "लहान, मध्यम, मोठा. माणसं काय तीनच असतात?"

"इथे दिवसाला तीनच येतात, बाबा. त्यातली दोन चेन बदलायला."

शब्दाने शब्द वाढला. शेवटी मास्तर म्हणाले, तुझं मापसुद्धा या दुकानात ठेवणार नाही. ते माझ्यासमोर बसले, थोरल्याची ओळ शोधली आणि त्याच्या देखत एका बोटाने एकेक अक्षर खोडलं. खूप वेळ लागला. तो मध्येच उठून गेला. मला वाईट वाटलं असं म्हणणार नाही. मास्तरांच्या मायेतला एक वाटेकरी कमी झाला म्हणून मी मनातून सुखावले होते. लाज वाटते, पण तेच खरं.

चार वर्षं तो फिरकला नाही. ठकी मधल्या मध्ये सारवासारव करायची. त्याला फोन करून म्हणायची, बाबा तुझी आठवण काढत होते. बाबांनी काढलेली नसायची. एकदा तर तिने बाबांच्या नावाने त्याला शर्ट पाठवला. त्याने तो उलटा करून शिवण पाहिली आणि लगेच ओळखलं की हा बाबांचा हात नाही. तेव्हापासून ठकीने बाबांबद्दल काहीही चांगलं सांगितलं की तो फक्त "बरं" म्हणायचा.

आणि मग एका मंगळवारी दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. ठकी ऑफिसात होती. दुकानात मास्तर आणि कोपऱ्यात उघडी मी, एवढेच. ज्या दुकानात तो रांगायला शिकला तिथे उभं राहून त्याने विचारलं, "दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"सात," मास्तर म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. मास्तरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तो थोडा वेळ थांबला आणि गेला. मास्तर बराच वेळ सुई हातात धरून बसले होते. मग माझ्याकडे आले आणि सगळ्यात खाली एका बोटाने लिहिलं: 'थोरला. कोट. उंची ३०, छाती ४०, कंबर ३७, बाही २५, खांदा १८, डावा अर्धा इंच उतरलाय. आत दीड इंच माया ठेवणे.' माया म्हणजे शिंप्यांच्या भाषेत शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. माझ्या कपाळावर मंगळवार उमटला, चार वाजून वीस मिनिटं.

ही गोष्ट ते कुणाशी बोलले नाहीत, आणि माझ्यात पुन्हा काही लिहिलंही नाही. तीन आठवड्यांनी ते झोपेतच गेले.

नवव्या दिवशी ठकी दुकानात आली. माझी डिस्क तेव्हा करकरायला लागली होती, कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. तिने आपला नवा लॅपटॉप केबलने जोडला आणि नकलेचा हुकूम दिला. दोन अक्षरांचा हुकूम. त्याच्या पुढे एक आडवी रेघ आणि 'पी' एवढं टाईप केलं असतं तर नक्कल कपाळासकट निघाली असती. ऑफिसात इतरांच्या फायली हलवताना ती हे कधी विसरत नसे. त्या दिवशी डोळे पुसता पुसता विसरली.

आणि माझी सवत जन्माला आली. अक्षर न् अक्षर माझं, नावही माझंच. कपाळावर मात्र मालक 'ठकी' आणि तारीख त्या दिवसाची. कालचं पोर ते, अकराशे गिऱ्हाइकांची आजी म्हणून मिरवायला लागलं. तिला चकचकीत पडदा, मऊ पिशवी, ठकीच्या मांडीवरची जागा. मला कोपरा आणि धूळ. ज्याने तिच्यातलं एक अक्षरही कधी लिहिलं नाही तोसुद्धा तिला 'मास्तरांची फाईल' म्हणायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकच समाधान होतं. मास्तरांची तारीख माझ्याकडे होती, तिच्याकडे नव्हती. ते मी एखाद्या कंजुषासारखं कवटाळून बसले होते.

महिनाअखेरीला दुकान रिकामं करायचं होतं. ठकीने ठरवलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या मापाची चिठ्ठी द्यायची, म्हणजे दुसरीकडे शिवताना अडायला नको. मदतीला थोरला आला. तो लॅपटॉपवर वाचून दाखवायचा, ती लिहायची. शेवटच्या दिवशी पाच वाजता भंगारवाला मला न्यायला येणार होता. मी दाराशी, यंत्रासकट.

साडेतीनच्या सुमाराला थोरला वाचता वाचता थांबला. तो शेवटच्या ओळीवर पोचला होता.

"हे कधी लिहिलंस?" त्याने विचारलं.

ठकी उठून आली आणि वाचलं. तिने ती ओळ आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. तिने तसं सांगितलं. त्याने सवतीचं कपाळ उघडलं आणि तिच्याकडे वळवलं.

"मालक ठकी. तारीख बाबा गेल्यानंतरची. माझ्यासमोर खोडली होती त्यांनी ही ओळ. शर्टाच्या वेळी मी काही बोललो नाही. पण आता ते नाहीत, ठके. मेलेल्या माणसाच्या तोंडी तरी शब्द घालू नकोस."

 ठकीने याआधी खोटं सांगितलेलं होतं, तेव्हा खरं कशाच्या जोरावर सांगणार? थोरल्याने पिशवी उचलली. म्हणाला, उरलेलं तू आवर, मी आता येणार नाही. बहीणभावाचं ते शेवटचं ठरलं असतं, आणि माझी सवत ढिम्म बसून होती. कोऱ्या कपाळाची मेली. माझ्याजवळ उत्तर होतं आणि मला तोंड नव्हतं. इतकी वर्षं कुणी मला उघडावं म्हणून मी झुरले, पण त्या क्षणासारखी कधीच नाही.

तो उंबऱ्यापाशी पोचला. तिथेच माझं यंत्र ठेवलेलं होतं. ठकीची नजर त्याच्या पाठीवरून माझ्यावर आली.

"दादा, दोन मिनिटं," ती म्हणाली. "नक्कल मी काढलीय. मूळ यात आहे."

तिने वायर लावली. डिस्क करकरली, थांबली, पुन्हा करकरली. काळा पडदा उजळला. थोरला दारात उभा राहूनच बघत होता. तिने हुकूम दिला आणि माझं कपाळ पडद्यावर आलं. मालक मास्तर. मंगळवार, चार वीस.

थोरल्याने पिशवी खाली ठेवली. त्याचा हात कीबोर्डकडे गेला तसा ठकीने तो धरला. "उघडू नकोस. चुकून सेव्ह झालं तर आजची तारीख पडेल."

"तुला कुणी सांगितलं मी मंगळवारी आलो होतो ते?"

"तू आला होतास?" ठकी म्हणाली.

तेव्हा त्याला कळलं. त्या दुपारबद्दल जगात दोघांनाच माहीत होतं आणि त्यातला एक गेला होता. तो मास्तरांच्या स्टुलावर बसला. म्हणाला, "मला वाटलं, त्यांनी तुच्छतेने वरून खाली बघितलं. म्हणून निघून गेलो."

 आपल्या बाबांचं ते बघणं दोघांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. अपराधी माणसाला प्रत्येक नजर आरोपाची वाटते, त्याला इलाज नाही.

माझा ऊर भरून आला होता. खरी कोण आणि नक्कल कोण, हे आज सगळ्यांसमोर ठरलं होतं. पण माझं सुख अर्धा तासही टिकलं नाही. ही डिस्क पुन्हा चालू होईल याची खात्री नाही, असं म्हणत ठकीने पुन्हा केबल जोडली. या वेळी काही विसरली नाही. आधी लॅपटॉपवर 'मास्तर' नावाचं खातं उघडलं. यंत्राने पूर्ण नाव विचारलं, फोन नंबर विचारला. तिने जागा रिकाम्या सोडल्या. जुनी नक्कल खोडली. मग हुकूम, आडवी रेघ, 'पी'. एका क्षणात सवतीच्या कपाळावर माझा मालक आणि माझा मंगळवार. मी आयुष्यभर जपलेलं तिला फुकटात मिळालं. शेवटी ठकीने तिला कुलूप घातलं, म्हणजे लिहायची मुभाच काढून टाकली.

"आता ही कायम अशीच राहील," ती म्हणाली. "हिच्यात कुणाला काही लिहिता येणार नाही."

"आणि ही जुनी?" थोरल्याने विचारलं.

"ती आता कशाला?"

एवढंच. ती आता कशाला. मी जळून खाक झाले असते, पण आम्हाला तेही जमत नाही. भंगारवाल्याची गाडी बाहेर येऊन थांबली आणि ठकी त्याला खोकी दाखवायला गेली.

थोरला दुकानात एकटा राहिला. त्याने खुंटीवरचा टेप काढला. स्वतःचा खांदा मोजला, बाही मोजली, कंबर मोजली, आणि मोजताना पोट आत घेतलं नाही. मग स्टूल माझ्यासमोर ओढलं आणि मला उघडलं. कारखान्यात तो दहा बोटांनी टाईप करत असेल. त्या दिवशी त्याने मास्तरांच्या ओळीखाली एका बोटाने लिहिलं: 'माप बरोबर आहे. फक्त कंबर एक इंच जास्त धरली. कोट मी स्वतः कापतो.'

आणि सेव्ह केलं.

माझा मंगळवार गेला. आता कपाळावर आजची तारीख आहे, पाचला दहा कमी. मालक अजूनही मास्तरच.

तुमच्याही घरी कुणाच्या फायली राहिल्या असतील. नक्कल काढाल तेव्हा कपाळासकट काढा, आणि मूळ टाकून देण्याआधी एकदा तरी उघडून बघा, एवढीच विनंती. बाहेर भंगारवाला दोरी सोडतोय, माझी वेळ झाली. लॅपटॉप तिकडे टेबलावर आहे. त्यात ती बसलीय, मास्तरांची तारीख लावून, कुलूप घालून. थोरल्याने दिलेलं उत्तर मात्र तिच्यात नाही, आणि आता कधी येणारही नाही. जळू दे तिला.