कॅरिअरवरचा चंपत

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटून वर्ष होऊन गेलं होतं, तरी रस्ते अजून कच्चेच होते. सेक्टर दोनमधून दवाखान्यात ड्यूटीला जाताना नर्स सुशीलाचा जीव रोज टांगणीला लागायचा. रात्रपाळी सुटलेली माणसं वाटेभर पसरून, गप्पा हाणत यायची. घंटी वाजवली तरी कोणी हलायचं नाही. उलट सायकलवरची बाई पाहायला लोक वाटेतच उभे राहायचे.

त्या दिवशी तिला उशीर झाला होता. समोरून एक माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून, पेंगत, अगदी मधोमध येत होता. तिने जोरात घंटी वाजवली. तो दचकून डावीकडे सरला आणि नेमकं तिनेही हॅण्डल तिकडेच वळवलं. दोघंही धुळीत पडली.

"बाईमाणसाले सायकल देतेच कोन?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"तिले कावून बोलता? मीच झोपेत चालून राहिलो होतो," तो माणूस म्हणाला आणि लंगडत निघूनही गेला. सुशीला पाय पाहू का म्हणेपर्यंत तो गर्दीत दिसेनासा झाला.

दिवसभर तिचं कशातच लक्ष लागेना. पट्टी बांधताना हात थांबायचा. त्याचा पाय मोडला असेल तर? घरी वडिलांना, दयारामांना, सांगितलं तर ते रेल्वेच्या ड्यूटीवरून आल्याआल्या सायकलीला कुलूप घालतील. ड्यूटी सुटल्यावर ती घरी न जाता, सकाळी लंगडत कोण आलं ते विचारत विचारत मरोदा वस्तीच्या झोपड्यांपर्यंत पोचली. तो चंपत, कारखान्यात कोळसा भाजायच्या कोक ओव्हनवर कामाला, असं सांगून एका म्हातारीने त्याचं घर दाखवलं.

दारात त्याची बायको शेवंता उभी होती. सायकल पाहताच ती भडकली. "पाय मोडून आता पाहाले आली काय?"

"पाहू तर द्या, ताई."

घोटा चांगलाच सुजला होता. सुशीलाने दाबून पाहिलं तेव्हा चंपतने ओठ चावले. "उद्या दवाखान्यात हाडाचा फोटो काढावा लागन," ती म्हणाली. "पैदल चालायचं नाही. मी सायकलवर नेतो."

"तुमच्या मांगं बसू? लोक हासतीन."

"हासू दे," शेवंताच म्हणाली. "मी मांगून येतो चालत."

सकाळी वाट माणसांनी भरली होती. मागे चंपत कॅरिअर घट्ट धरून, पाय लांब करून बसलेला. लोक हसले, थांबले, आडवे आले. सुशीलाने घंटी वाजवली. तेवढ्यात मागून चंपत गरजला, "अबे, बाजू व्हा ना! डोये कुठं हायेत तुमचे?"

दोघंतिघं सरकले. बाकीचे त्याच्याकडे पाहत तसेच उभे राहिले. "आयकूनच नाही राहिले," तो चिडून पुटपुटला. शेवटी ती उतरली आणि त्याला बसवूनच सायकल ढकलत निघाली. शेवंता मागून कॅरिअर धरून होती.

हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, ड्यूटी बंद केली. शेवंता प्लास्टरकडे पाहत राहिली.

घरी सुशीलाने सगळं सांगून टाकलं. दयारामांनी दाराशी टेकवलेल्या सायकलीकडे पाहिलं. "उद्या?" त्यांनी विचारलं.

"उद्या जाईन," ती म्हणाली. "पन थोडी लवकर निघीन."

दुसऱ्या दिवशी निघाली, तेव्हा तिच्या दोन्ही हातांची बोटं ब्रेकवरून हलत नव्हती.