दारावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. ग्रीसमधल्या वोलोस बंदरासमोरच्या दगडी इमारतीत ‘झाहारियू आणि पुत्र, वकील’ या अक्षरांनिशी मी कित्येक वर्षे दाराशी उभी आहे.

माझा जन्म गोदीजवळच्या ओतशाळेत झाला. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांना मालकाने एका रात्रीत हाकलले होते. लेफ्तेरिस झाहारियूंनी त्यांचा खटला लढवला, जिंकला आणि फी घेतली नाही. म्हणून त्या बायकांनी मला घडवून आणले.

“नाव एवढं मोठं कशाला?” लेफ्तेरिस लाजून म्हणाले.

“आम्हाला लांबून दिसायला हवं, साहेब! रडत येणाऱ्याला कुठं चष्मा सापडतो?” एक बाई म्हणाली, आणि जिना हसण्याने भरून गेला.

तेव्हापासून गावात कुणावर अन्याय झाला की लोक म्हणत, “झाहारियूंकडे जा.” कोळी येत, हमाल येत, विधवा येत. आत जाताना कुणी हळूच मला हात लावी. मला फार अभिमान वाटे.

लेफ्तेरिस गेले. त्यांचा मुलगा पाव्हलोस खुर्चीवर बसला. तो मला रोज लख्ख पुसून घेई, बापापेक्षा जास्तच.

एका वसंतात स्तामाता आली. तिचा नवरा वांगेलिस सिमेंटच्या कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला होता. तिची आई त्या वखारीतल्या बायकांपैकीच एक. पाव्हलोसने तिला कॉफी दिली, डोळे पुसायला रुमाल दिला, आणि एका कागदावर सही घेतली. “आता निश्चिंत राहा, ताई. सगळं आमच्यावर सोडा.”

थोड्या दिवसांनी ती अंजिरांच्या मुरंब्याची बरणी घेऊन आभार मानायला आली. तिने घंटेकडे हात नेला, तोच दार उघडले. कारखान्याचा मालक पाव्हलोसच्या खांद्यावर हात टाकून बाहेर येत होता.

“कमाल केलीस, पाव्हलोस! मेलेला दारू पिऊन कामावर आला होता, असं त्याच्या बायकोनंच लिहून दिलं!”

स्तामाताने बरणी छातीशी घट्ट धरली. मग म्हणाली, “माझा वांगेलिस दारूला शिवत नव्हता.”

पाव्हलोस गडबडला, पण लगेच सावरला. “बाई, सही तुमचीच आहे. वाचून केलीत ना?”

“कागद नाही वाचला मी,” ती म्हणाली. “दारावरचं नाव वाचलं होतं.”

तिने बरणी उंबऱ्याशी ठेवली आणि ती जिना उतरून गेली. मालकाने बरणी उचलली, झाकण उघडून वास घेतला. “मुरंबा झकास दिसतोय,” तो म्हणाला.

कोर्टात वांगेलिस दारुडाच ठरला आणि स्तामाताची भरपाई बुडाली. त्याच्या मुलींना शाळेत त्यावरून चिडवतात, असे जिन्यात कुणीतरी बोलताना ऐकले. पाव्हलोसचे मात्र काही बिघडले नाही. वकील मंडळाने त्याचा सत्कार केला, आणि भाषणात ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास’ असे शब्द आले. टाळ्या झाल्या.

मित्रांनो, मला पुसायला माणसे पुष्कळ आहेत. पण नाव फडक्याने स्वच्छ होत नाही. त्याची निगा आत बसलेल्याने राखावी लागते. तेवढी तुम्ही राखा.

आज सकाळी एक म्हातारा कोळी धापा टाकत जिना चढून आला. त्याने टोपी काढली, माझ्यावरचे एकेक अक्षर लावून वाचले आणि त्याचा चेहरा उजळला. मला ओरडावेसे वाटले. पण पितळेला तोंड नसते. त्याने घंटा वाजवली.