जाऊबाईंनी सुचवलेलं नाव

नळांना चकाकी चढवणाऱ्या त्या कारखान्यात दोघी जावा कामाला होत्या. थोरलीकडे अ‍ॅसिडची खोली होती, मुलामा द्यायच्या क्रोमच्या टाक्याही तिथेच; धाकटी पॉलिशच्या टेबलावर बसायची. घरात एकच स्वयंपाकघर, जाण्यायेण्याचा रस्ताही एकच, पण दोघींमधली गोडी बेताचीच. भांडण असं कधी झालं नव्हतं. झालं असतं तर निदान या बाईच्या मनात काय आहे ते कळलं असतं, असं धाकटीला वाटायचं.

मग वरून तपासणी झाली आणि नियम आला. अ‍ॅसिड, क्रोमियमचं पाणी, सायनाइड, ग्रीस काढायचं द्रावण यांना यापुढे परीक्षा पास झालेल्या माणसानेच हात लावायचा. मालकांनी सगळ्यांना गोळा करून विचारलं, "कोणाला पाठवू?" सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. ती खोली तिचीच होती, तिथली किल्ली तिच्याच कमरेला असायची.

थोरली म्हणाली, "माझ्या धाकट्या जावेला पाठवा."

धाकटीच्या हातातला नळ हातातच राहिला. साधी खिडकीजवळची खुर्ची या बाईने कधी सोडली नव्हती, आणि आज किल्लीच सोडतेय?

संध्याकाळी तिने नवऱ्यापुढे विषय काढला. "अहो, तुमच्या वहिनींचं काय चाललंय? कुठेतरी पाणी मुरतंय."

"चांगलं सुचवलं तर त्यातही तुला खोटच दिसते," नवरा म्हणाला.

"चांगलं? हल्ली भाजीत तिखट किती घालतात बघितलंत? माझ्या पोटाला सोसत नाही हे माहीत असून. काल नासलेलं दूध सरळ माझ्या चहात ओतलं. विचारलं तर म्हणतात, अगं, तूच बघायचंस ना."

नवऱ्याने पंखा वाढवला आणि कूस बदलली.

प्रशिक्षणाचा वर्ग एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणारे सर पूर्वी आगीच्या बंबावर होते, त्यामुळे साधी गोष्टही ओरडूनच सांगायचे. लेबलवरच्या खुणा, कशाशेजारी काय ठेवायचं नाही, अंगावर सांडलं तर आधी काय करायचं, सगळं त्यांनी दामटून पाठ करून घेतलं. मास्क नीट बसतो का ते बघायला डोक्यावर टोपडं चढवून आत कडू फवारा मारायचे. जीभ कडू झाली की मास्क गळका. एका दाढीवाल्या गड्याचं तोंड सारखं कडू होत होतं. सर गरजले, "दाढी ठेव नाहीतर फुप्फुसं ठेव!" दुसऱ्या दिवशी तो गुळगुळीत होऊन आला, तेव्हा वर्गात त्याला कोणी ओळखलंच नाही.

धाकटीला हे सगळं आवडायला लागलं होतं. पण शेवटच्या तासाला सर म्हणाले, "पास झालेला माणूस म्हणजे जबाबदार माणूस. उद्या काही झालं, तर पहिला प्रश्न त्याला."

आता कुठे धाकटीला उलगडा झाल्यासारखं वाटलं. त्या खोलीत काहीतरी बिघडलेलं असणार, जाऊबाईंना ते ठाऊक असणार, आणि निस्तरायची वेळ आली की बळीचा बकरा तयार! मालक आणि जाऊबाई मिळूनच हे करत असतील का? परवा दोघं दाराशी बोलत उभे होते आणि ती येताच गप्प झाले होते.

त्या दिवसापासून ती थोरलीवर डोळा ठेवू लागली. थोरली डब्यांची झाकणं पुन्हापुन्हा हाताने चाचपून बघायची. घरी गॅस बंद करून पाच मिनिटांनी परत ओट्याशी जायची. एकदा मागे वळली आणि धाकटीला बघून दचकली.

"काय बघतेस?"

"काही नाही. तुम्ही काय बघताय?"

"काही नाही."

लेखी परीक्षा पार पडली. कामाची परीक्षा घ्यायला सर कारखान्यातच येणार होते. त्या सकाळी घरातून थोरली लवकर निघून गेली, धाकटीसाठी थांबलीसुद्धा नाही. धाकटी धावतच पोचली. खोलीचं दार लोटलं तर गोडसर, डोकं जड करणारा दर्प भपकन अंगावर आला. मागच्या रॅकखाली द्रावणाचा कॅन आडवा पडला होता, झाकण सैल, फरशी ओली. आणि थोरली तिथेच स्टुलावर बसून, जणू काही घडलंच नाही अशी, लेबलं पुसत होती.

सापडली, धाकटीला वाटलं. सर यायच्या आधी हा उद्योग!

पण हात मात्र शिकवलेलंच करत होते. तिने थोरलीला दंडाला धरून बाहेर ओढलं. थोरलीचे पाय लटपटत होते. पॅकिंगच्या काकांना हाक मारून तिने त्यांना दाराबाहेर उभं केलं. "मी आत चाललेय, माझ्यावरची नजर हलवू नका. पडले तर आत येऊ नका, बंबवाल्यांना बोलवा." मास्क चढवला, हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या, कॅन उभा केला, झाकण घट्ट बसवलं, फरशीवर शोषून घेणारी भुकटी टाकली. मग बाहेर आली.

थोरली अंगणातल्या नळाशी डोकं धरून बसली होती.

"जाऊबाई, मला नापास करायचं होतं तर सरळ सांगायचं. कॅन कशाला पाडलात?"

"कॅन पडलाय?" थोरलीने विचारलं.

"तुमच्या पाठीमागे पडलाय! एवढा दर्प सुटलाय, शेजारच्या शेडमध्ये गेला असेल. वास येत नव्हता का?"

थोरलीने नळाचं पाणी तोंडावर मारलं.

"येत नाही," थोरली हळूच म्हणाली. "कशाचाच येत नाही. करपलेलं कळत नाही, नासलेलं कळत नाही. जिभेलाही चव लागत नाही, तिखट तेवढं लागतं. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल."

"घरात सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर काम सोडायला लावलं असतं. या खोलीशिवाय मला येतं काय?"

"मग माझंच नाव का?"

थोरलीने पदराने तोंड पुसलं. "तू संशयी आहेस म्हणून. दूध तीनतीनदा हुंगतेस, कुलूप ओढून बघतेस, माझ्यावर तर तुझा मुळीच भरवसा नाही. त्या खोलीला असंच माणूस हवं. मी बोलले असते, पण तोंडच उघडेना."

धाकटीला राग आवरेना आणि कोणावर काढावा तेही कळेना. "आणि मालकांना हे माहीत आहे?"

"नाकातून रक्त येतं हे एकदा बोलले होते. त्या दिवशी दाराशी मालक तेच विचारत होते. म्हणाले, परीक्षा होईपर्यंत बोलू नकोस."

तेवढ्यात सर आले. दारात उभं राहून त्यांनी ओली भुकटी पाहिली, मास्क पाहिला. "कोणी सांडलं?"

धाकटी उत्तर जुळवत होती, तोच थोरली उठून पुढे आली. "मी. मला वास येत नाही."

सरांनी आवाज चढवला नाही, हे नवलच. त्यांनी खिशातला कागद काढून भिंतीतल्या हवा ओढणाऱ्या पंख्याच्या जाळीवर धरला आणि सोडला. कागद चिकटला नाही, सरळ खाली आला.

"फिरतोय की!" मागून मालक म्हणाले.

"फिरतोय. ओढत नाही," सर म्हणाले.

धाकटी पास झाली. किल्ली हातात आल्यावर तिने पहिलं काम केलं ते खोलीला कुलूप घालायचं. मालक आधी गोड बोलले, मग फणकारले, मग म्हणाले, मिस्त्री येऊन बघून गेला, पंखा आता ठीक आहे. "कधी आला? कोणी पाहिला?" तिने विचारलं, आणि स्वतः जाऊन जाळीवर कागद धरला. कागद पुन्हा खाली पडला. टाक्यांचं काम बंद राहिलं, पॉलिशवाल्या बायका कुरकुरल्या, मालकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. शेवटी नवा पंखा बसला, तेव्हाच कुलूप निघालं.

थोरलीला ती स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी बॅटरीने नाकात बघितलं. आतल्या पडद्याला क्रोमियमच्या वाफेने भोक पाडलं होतं. वास थोडाफार परत येईल किंवा येणारही नाही, मात्र त्या हवेत आता पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं. थोरली पॅकिंगला बसायला तयार झाली. मग डॉक्टरांनी विचारलं, "तिथे आणखी कोण कोण काम करतं?"

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत धाकटीने टाकीवाल्याला गाठलं. तो क्रोमच्या टाकीवर दिवसभर वाकून असायचा.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मला चांगला वास येतो."

"मग तसं डॉक्टरांना सांगा," ती म्हणाली. "हात धुवा आणि चला."