सखीदादकाकांची झारी

"काका, ती झारी आधी खाली ठेवा!" टॅक्सीच्या खिडकीतून अर्धी बाहेर येत पलवशा ओरडली. "हात जोडते तुम्हाला. एक थेंबसुद्धा नको!"

सखीदादकाका गेटापाशी उभे होते. तिरकी केलेली झारी त्यांनी सरळ केली.

"अगं, चांगलं असतं ते. पाण्यासारखा सुरळीत प्रवास व्हावा म्हणून ओततात."

"आणि पाण्यासारखं वळून परत यावं म्हणून! पुढचं का गिळता? आम्हाला परत यायचं नाहीये, काका!"

पुढच्या सीटवर तिचा नवरा, इंजिनिअर तोरयालय, कागदांची फाईल पोटाशी धरून बसला होता. "माफ करा, काका," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. टॅक्सी कोरडीच निघून गेली.

आम्हा अफगाणांत निघालेल्या माणसाच्या मागे रस्त्यावर पाणी ओततात. माणूस सुखरूप जातो आणि सुखरूप परत येतो. यातल्या दुसऱ्या भागाबद्दल आजवर कुणाचीच तक्रार नव्हती. पण इस्लामाबादच्या आमच्या बारा खोल्यांच्या गेस्ट हाऊसमध्ये परदेशाच्या बोलावण्याची वाट बघत राहणाऱ्या चाळीसेक जणांची आयुष्यातली एकुलती एक महत्त्वाकांक्षा परत न येणं ही होती. वसंतात तीन नंबरच्या खोलीतलं कुटुंब विमानतळाकडे निघालं, तेव्हा काकांनी त्यांच्यामागे अगदी रीतसर पाणी ओतलं. संध्याकाळी सातही जण सुटकेसांसह परत आले. विमान 'प्रशासकीय कारणास्तव' रद्द झालं होतं. काकांचं पाणी हेच ते प्रशासकीय कारण, असं गेस्ट हाऊसनं एकमतानं ठरवलं. सरकारला दोष देण्यात अर्थ नव्हता. सरकार तिथं नव्हतं आणि काका होते.

काका काबूलमध्ये एका देशाच्या दूतावासात अकरा वर्षं माळी होते. त्या देशाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. माझाही अर्ज त्यांच्याकडेच पडून आहे. बेचाळीस गुलाब काकांच्या हाताखाली होते. काबूल पडलं तेव्हा दूतावासानं झेंडा नेला, कागद नेले, चांगल्यातल्या खुर्च्या नेल्या आणि माळ्याला सांगितलं, तू इस्लामाबादला जाऊन थांब, दोन आठवड्यांत बोलावतो. त्याला तीन वर्षं झाली. काकांना घरी परतायची सोय नव्हती. परक्यांच्या दूतावासात तुमच्या हातात बंदूक होती की झारी, हे काबूलचे नवे मालक विचारत बसत नाहीत.

बायको नेकबख्त आणि सतरा वर्षांची मुलगी शकीबा यांची नावं काकांच्याच फाईलला जोडलेली होती. काकांना परत काबूलला जावं लागलं तर फाईल बंद. फाईल बंद झाली की शकीबानंही परत तिथंच जायचं, जिथं मुलींची शाळा सहावीला संपते. ती इथं सहा नंबरच्या खोलीत, खाटेवर पाय दुमडून, इंजिनिअरकडे बारावीचं गणित शिकत होती.

तर त्या दिवशी झारीतलं पाणी काकांनी तुपाच्या रिकाम्या डब्यातल्या गुलाबाच्या कलमाला घातलं. आणि संध्याकाळी साडेपाचला इंजिनिअरची टॅक्सी परत आली.

काकांनी पुढे होऊन सगळ्यांत जड सुटकेस उचलली.

"तुम्ही मागून चोरून ओतलं असणार," पलवशा म्हणाली. ती रडत होती.

"नाही गं पोरी. गुलाबाला घातलं."

"मग ते गुलाबाला घातलेलंही लागत असेल!"

या घटनेनंतर पंधरा दिवसांनी काकांच्या दूतावासाच्या त्या सरकारनं आमची प्रगती आम्हाला समजावून सांगायला एक अधिकारी पाठवली. मिस क्लारिसा. वय तिशीच्या आत, चेहरा मनापासून दयाळू. तिनं भिंतीवर एक तक्ता लावला. त्यात एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेली होती. शकीबा भाषांतर करत होती.

"या म्हणतात, ही रेघ म्हणजे तुम्ही सगळे."

काकांनी चष्मा लावून रेघ खालपासून वरपर्यंत पाहिली. "मी यात कुठे?"

"सगळ्यांत मिळून आहात म्हणतात."

"आणि माझी फाईल?"

"तिची लक्षणीय प्रगती झालीये. आधी ती 'मिळाली' होती. आता 'पाहिली जात आहे'."

"तीन वर्षांत?"

"प्रगती टप्प्याटप्प्यानंच होते म्हणतात."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "बाईंना सांग, मी लावलेलं कलम तीन महिन्यांत मूळ धरतं. नाही धरलं तर मी त्याला प्रगती म्हणत नाही. उपटतो आणि दुसरं लावतो."

शकीबानं भाषांतर केलं, "बाबा तुमचे आभार मानताहेत."

फाईल अडली होती ती एका पत्रापायी. काका खरोखरच माळी होते, असं त्यांच्या दूतावासातल्या साहेबानं लिहून द्यायला हवं होतं. त्या साहेबाला काकांच्या वतीनं मी स्वतः चौदा ईमेल लिहिले. चौदाही वेळा एका सेकंदात उत्तर आलं: मी सध्या रजेवर आहे, परतल्यावर उत्तर देईन. इतकं तत्पर उत्तर त्या सरकारकडून आमच्यात दुसऱ्या कुणालाही मिळालेलं नाही.

नेकबख्तखालांनी चहा आणि सुके तुत, म्हणजे वाळवलेली तुतीची फळं, आणली. पाहुण्याचा पेला रिकामा झाला की आम्ही तो भरतो. पाहुण्यानं पेला पालथा घातला की थांबतो. मिस क्लारिसाला हे ठाऊक नव्हतं. ती सभ्यपणे पेला संपवायची, खाला सभ्यपणे भरायच्या. सातव्या पेल्याला तिचा चेहरा पहिल्यांदाच आमच्यासारखा झाला. निघायचं तर आहे, पण कसं निघायचं ते कळत नाही.

"पालथा घाला," शकीबा हळूच म्हणाली. "मग सुटाल."

पेला पालथा पडला. सगळे हसले, तीही हसली आणि त्या हसण्याच्या भरात तिनं काकांना शब्द दिला. नेकबख्त आणि शकीबाचा पाकिस्तानी व्हिसा वाढून आला होता, काकांचा मात्र 'विचाराधीन' होता आणि मुदत तर संपलेली. तो वाढायला तिच्या सरकारचं एक पत्र लागणार होतं. "पुढच्या महिन्यात मी स्वतः घेऊन येते," ती म्हणाली.

तिची गाडी सुरू झाली तेव्हा काका झारी घेऊन गेटापाशी आले आणि सवयीनं त्यांनी आधी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओता, काका, ओता!" इंजिनिअर म्हणाला. "हिला तर परत यायलाच पाहिजे."

"झारीनं काय होणार? थांबा, मी बादली आणते," म्हणत पलवशा धावली.

झारी आणि वर दोन बादल्या. गल्लीत चिखल झाला. शेजारचा पठाण दुकानदार शिव्या देत बाहेर आला.

मिस क्लारिसा आली नाही. दोन महिन्यांनी कळलं की तिची बढती होऊन ती दुसऱ्या विभागात गेली आहे. निदान तिची तरी प्रगती झाली होती.

"पाणी बहुतेक आपल्याच माणसांना लागतं," काका म्हणाले.

"किंवा तुम्हाला ओतता येत नाही," पलवशा म्हणाली. पण पूर्वीच्या जोरानं नाही.

थंडीच्या सुरुवातीला, सकाळी दहाच्या सुमाराला, पोलिसांची गाडी आली. ते बारा खोल्यांतून फिरले, कागद पाहिले. मुदत संपलेले आमच्यात त्या दिवशी काका एकटेच सापडले.

"चाचा, व्हिसा?"

काकांनी आतल्या खिशातून घडी काढून, फाईल 'पाहिली जात आहे' असं सांगणारं त्या सरकारचं प्रगतीपत्र दिलं. फौजदारानं ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता.

"भाषा छान आहे, चाचा. पण याच्यावर तारीखच नाही."

"तारीख ते कधीच घालत नाहीत."

"मला तारीख लागते. गाडी आजच तोरखमला, सरहद्दीवर जाणार. तिथून पलीकडे तुमचं तुम्ही बघा."

शकीबा मध्ये आली. उर्दूत, इंग्रजीत, काय सुचेल त्या भाषेत ती बोलत राहिली. फौजदार ऐकत होता आणि मान हलवत होता, पण काकांच्या दंडावरचा हात त्यानं काढला नाही.

"शकीबाचे बाबा," नेकबख्तखाला एवढंच म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर कोट टाकला, नानची पुरचुंडी कोटाच्या खिशात कोंबली आणि वरून बटण लावलं.

काकांनी दोन मिनिटं मागून घेतली. डब्यातल्या कलमाला एव्हाना चार पानं फुटली होती. त्यांनी पाणी घातलं, एक पिवळं पान खुडलं आणि झारी शकीबाच्या हातात दिली.

"वरून नको घालूस. मुळाशी घाल."

मग ते स्वतःच गाडीत चढले. कुणाचा हात घेतला नाही.

गाडी हलली. आम्ही सगळे गेटात उभे होतो. तेवढ्यात पलवशा किंचाळली.

"बघताय काय नुसते? ओता! अरे, ओता ना!"

तिनं बादली उचलून आख्खी रस्त्यावर उपडी केली. मग कुणी तांब्या, कुणी हंडी, कुणी उकळती किटली घेऊन धावलं. तीन नंबरच्या म्हातारीनं हातातला चहाचा पेला फेकला. इंजिनिअरनं आतल्या नळाला रबरी नळी जोडली आणि मान खाली घालून गल्ली भिजवत राहिला. शकीबा झारी घेऊन गाडीमागे कोपऱ्यापर्यंत पळाली. झारी केव्हाच रिकामी झाली होती, तरी तिनं ती तिरकी धरलेली होती. पठाण दुकानदार बाहेर आला. त्यानं शिवी दिली नाही. आत जाऊन त्यानं माठ आणला.

दहाव्या दिवशी त्या सरकारचं पत्र आलं. या वेळी तारीख होती. अर्जदारानं प्रतीक्षेचं ठिकाण सोडल्यामुळे त्याचं आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या दोघींचं प्रकरण निकाली काढण्यात आलं होतं. सोबत नवा तक्ता जोडला होता. प्रलंबित प्रकरणं तीननं कमी झाल्यामुळे हिरवी रेघ आणखी थोडी वर सरकली होती. शेवटी, त्यांच्या संयमाबद्दल आभार.

शकीबानं पत्र आईला आमच्या भाषेत वाचून दाखवलं. या वेळी तिनं काहीही बदललं नाही.

मग ती झारी भरून अंगणात आली. अर्धी झारी तिनं कलमाच्या मुळाशी घातली. उरलेली घेऊन ती गेटाबाहेर गेली आणि कोरड्या रस्त्यावर, काका बसले होते ती गाडी जिथं उभी होती त्या जागी, सावकाश ओतली.

त्या दिवशी कुणीच कुठे निघालेलं नव्हतं.