पेंढ्याच्या रंगाची गाडी

नागू शिदला गाडी लागायची. एसटी लागायची, जीप लागायची, सहा आसनी रिक्षा लागायची. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर टेंपोत उभा राहून तो कडावपर्यंत गेला, तिथं रस्त्याकडेला पोट रिकामं केलं आणि घरी चालत परतला. पुन्हा चाकावर बसणार नाही, असं त्यानं वाडीत जाहीर केलं. त्याला वीस वर्षं झाली. भिवपुरी कॅम्पच्या वर, डोंगराला टेकलेल्या वाडीतून तो कर्जतला चालत जायचा, चालत यायचा. त्यात त्याला कधी अडचण वाटली नाही.

अडचण आता आली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

"पिकलाय तर कापा की," नागू तपासणीच्या दिवशी हसून म्हणाला होता. डॉक्टर हसले नाहीत. आणखी थांबलात तर डोळ्यातला दाब वाढेल, मग गेलेली नजर परत आणता येणार नाही, असं त्यांनी त्याच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं. मुलगी बुधी कर्जतच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

शस्त्रक्रिया पनवेलला व्हायची होती. दोन तारखा मिळाल्या, दोन्ही बुडाल्या. पहिल्या वेळी नागू कॅम्पच्या फाटकापर्यंत रिक्षात बसला आणि उतरून गेला. दुसऱ्या वेळी तो पहाटेच रानात गेला आणि दिवस मावळल्यावर आला.

तिसरी तारीख दिवाळीच्या दोन आठवडे आधीची होती. त्याआधी बुधीनं एक छोटी गाडी घेतली. गाडी दुसऱ्या हातची, इंजीन चांगलं, आत मात्र सगळं काळं. काळ्या सीट, काळी दारं, काळं छत आणि आधीच्या मालकानं मारलेल्या अत्तराचा वास. नागूनं दारातून डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"हे बीळ हाय," तो म्हणाला. "घुशीचं."

"मंग कसं असतं तर बसला असतास?"

नागू तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "घर असतं तर बसलो असतो. घरात उताणं झोपल्यावर कधी ओकारी येते का?"

घर म्हणजे आता राहतात ते नाही, हे बुधीला माहीत होतं. आताच्या घराला स्लॅब होता. नागूचं घर ते जुनं. भिंतींना कारवीच्या काठ्यांचा कूड, वर पेंढ्याचं छप्पर. आत उताणं पडलं की पेंढ्यातून सकाळ गाळून यायची. बुधी त्या घरात जन्मली होती.

ती म्हणाली, "चल मंग. तूच निवड."

"मी निवडणार. मधी कोणी बोलायचं नाय."

"नाय बोलणार."

गाडी तिनं आदल्या दिवशी चार फाट्यावरच्या विलासच्या दुकानात नेऊन ठेवली. सकाळी दोघं चालत निघाली. नागूचा हात बुधीच्या कोपरावर होता. रस्ता त्याला पाठ होता, पण आता समोरून येणारं प्रत्येक वाहन त्याला धुक्यातून आल्यासारखं दिसायचं. धुकं पिवळं होतं. शेतात भात निसवून पिकायला लागलं होतं. त्याला मात्र गेल्या वर्षभरापासून सगळं शिवार, रस्ता आणि माणसंही पिकलेलीच दिसत होती. कुणाला सांगायला गेलं तर ते हसायचे, म्हणून तो सांगत नसे.

विलास गाड्या आतून सजवायचा. त्याच्या दुकानात भिंतभर नमुने लटकलेले होते.

"बसा बाबा. पाणी घ्या. चालत आले म्हणं?"

"तुझ्या दारापर्यंत रस्ता हाय, म्हणून चालत आलो."

विलास हसला आणि त्यानं आधी सगळ्यात महागडा नमुना काढला. दाराला आणि डॅशबोर्डला लावायची पट्टी, सागवानी फिनिशची. नागूनं ती नाकाशी धरली. दूरचं दिसत नसलं तरी वीतभर अंतरावरचं त्याला अजून दिसायचं.

"कुठला साग?"

"लाकूड नाय बाबा. वर प्रिंट मारलेली असते."

"तेच म्हणतो, वास नाय." नागूनं पट्टीवर बोट फिरवलं, मग दुसरी मागितली, मग तिसरी. "ही गाठ बघ. इथंपन तीच. इथंपन तीच. एका झाडाला एकच गाठ तीन ठिकाणी कशी?"

विलासनं तिन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. बारा वर्षं तो हे विकत होता. गाठ खरोखर तीच होती.

"आईशप्पथ," तो म्हणाला.

"आनि शेंडा मागं हाय. खांब उलटा रवलास तर घर टिकत नाय, मंग गाडी कशी पुढं जाईल? ठेव ती."

चकचकीत काळी पट्टी नागूनं न बघता परत केली. मऊ चामड्यासारखा नमुना हातात घेऊन म्हणाला, घाम आलेल्या माणसाला हात लावल्यासारखं वाटतं. मग विलासनं दारांच्या कापडाचा एक गठ्ठा काढला. त्यातल्या एका कापडावर उभ्या, बारीक, उंच रेघा होत्या. नागूनं त्यावरून नख ओढलं. खर्र आवाज आला. त्यानं पुन्हा ओढलं.

"कारवी," तो हळू म्हणाला. "बुधे, बघ. कूड."

बुधीनं बघितलं. कापड राखाडी होतं. फिकट, पावसाळी ढगासारखं.

"आनि रंग पन तोच," नागू म्हणाला. "आमच्या पेंढ्याचा. वर छताला पन ह्याच रंगाचं लाव. खाली पन."

विलासनं आ केला. "बाबा, पेंढ्याचा पायजे तर हा बेज—"

बुधीनं त्याच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. पण विलासनं बदामी नमुना पुढं केलाच होता. नागूनं तो वीतभर अंतरावर धरला आणि तोंड वाकडं केलं.

"ही तर माती हाय. ओली. हे नको."

मग विलास पाणी आणायच्या निमित्तानं बुधीला मागं घेऊन गेला. "ताई, तो रंग ग्रे हाय गं. त्यांना पिवळा दिसतोय."

"माहीत हाय. मोतीबिंदूत तसं दिसतं."

"ऑपरेशन झालं की त्यांना खरा दिसणार. मग तुमी परत माझ्याकडं येणार. लावलेलं कापड मी परत घेत नाय, आधीच सांगतो."

बुधीनं मनाशी हिशेब केला. खरं सांगितलं असतं तर नागू म्हणाला असता, बोलायचं नाय ठरलं होतं, आणि उठून वाडीचा रस्ता धरला असता. बेज लावला असता तर गाडीत बसताना त्याला वर ओला चिखल दिसला असता.

"आज त्याला जे दिसतंय तेच लाव," ती म्हणाली. "बसायचं ह्याच डोळ्यांनी हाय."

"डॅशबोर्डला नाय लावणार मी. फिकट रंग समोरच्या काचेत उमटतो, रस्ता दिसत नाय. तिथं काळंच."

"तिथं काळंच."

"आनि गोंदाचा वास?"

"लावून झालं की चार दिवस दारं उघडी ठेव. उन्हात."

नागूनं रेघांच्या कापडाचा वीतभर तुकडा मागून घेतला. विलास कामात फसवेल म्हणून नाही, असं तो म्हणाला, पण तुकडा घडी करून चंचीत पानाशेजारी ठेवला. गाडी तयार झाल्यावर तो पुन्हा चालत आला, तुकडा काढून दारावर, छतावर, सीटवर धरून बघितला आणि मगच आत बसला. बुधीनं सीट मागं पाडली. नागू उताणा झाला. बराच वेळ तो वर बघत राहिला.

"दार लाव," तो म्हणाला.

तारखेच्या दिवशी ती दोघं सकाळी सहाला निघाली. बुधीनं गाडी वाडीच्या पायथ्याशी आणली होती. कर्जत मागं पडेपर्यंत ती एका डोळ्यानं रस्ता आणि एका डोळ्यानं बाप बघत होती. त्याच्या पायाशी तिनं प्लास्टिकची बादली ठेवली होती.

नागू वर बघत होता. त्याचं बोट दाराच्या रेघांवरून एकेक काठी मोजत चाललं होतं.

"पाऊस हाय का गं?"

"नाय. टायरचा आवाज हाय."

"छपरावर असाच यायचा." थोड्या वेळानं म्हणाला, "इथं कोयता अडकवायचो." त्याचा हात दाराच्या कडीवर होता. "हिच्या खाली तुझी आय, जिजा, चूल पेटवायची. ती फुंकर मारायची ना, तर धूर आधी ह्या कोपऱ्यात जायचा. मंग वर."

बुधीनं कोपऱ्याकडं बघितलं. तिथं सीटबेल्टचा पट्टा होता. पण चौक गावाच्या अलीकडं डोंगरामागून ऊन आलं, काचेतून तिरकं छतावर पडलं, आणि क्षणभर तिलाही ते राखाडी कापड तापल्यासारखं, सोनेरी दिसलं. तिनं गाडी थोडी हळू केली. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. चौक गेलं, पूल गेला, आणि बाप झोपल्याचं तिच्या लक्षात आलं. बादली पनवेलपर्यंत कोरडी राहिली.

उजवा डोळा झाला. रात्रभर पट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली, थेंब घातले, काळा चष्मा दिला, आणि डाव्या डोळ्यासाठी महिन्यानंतर या असं सांगितलं. नागू भिंतीकडं बघत होता, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांकडं बघत होता. "केवढं निळं," एवढंच एकदा म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्यानं चष्मा वर केला आणि छताकडं बघितलं.

बुधीनं किल्ली फिरवली नाही. ह्या घडीची भीती तिला विलासच्या दुकानापासून होती.

नागूनं चंचीतून तुकडा काढला. उजवा डोळा मिटून बघितलं, मग डावा मिटून. मग परत.

"बुधे. तुला ह्यो रंग कसला दिसतो?"

"राखाडी."

"पयल्यापासून?"

"हं."

"आनि तू बोलली नाय."

"तूच बोलला होतास, मधी बोलायचं नाय म्हणून."

बुधीनं किल्ली फिरवली. गाडी निघाली. चौक येईपर्यंत नागूनं छताकडं बघितलंही नाही. तो उठून बसला होता आणि बाहेर बघत होता. भात कापणीला आलं होतं. माथेरानचा डोंगर निळा आणि अगदी जवळ दिसत होता. बादली तशीच कोरडी होती, हे बुधीच्या लक्षात आलं.

"थांब जरा."

तिनं गाडी कडेला घेतली. नागूनं काच खाली करून कापडाचा तुकडा बाहेर, पिकल्या भातासमोर धरला. बराच वेळ धरला.

"जुळत नाय," तो म्हणाला. "एकट्या डाव्या डोळ्याला जुळतंय. तो करून घेतला तर ते पन जाईल."

महिन्यानंतरची तारीख बुधीच्या पर्समध्ये होती. "बाबा, डावा नाय केला तर तो डोळा—"

"मधी बोलू नको." त्यानं तुकडा पुन्हा डोळ्याजवळ आणला, उजव्या, नव्या डोळ्याजवळ. बोटानं रेघ ओढली. खर्र. मग त्यानं मान वर करून छताकडं नीट बघितलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, घरधनी बघतो तसं.

"हे राखाडी नाय," तो म्हणाला.

"मंग?"

"हे जुनं झालंय. पावसाळा काढलेलं छप्पर असंच होतं गं, करडं. मी नव्या पेंढ्याचं समजत होतो." तो स्वतःशीच हसला. "मोतीबिंदूनं मला वरीसभर फसवलं. त्या विलासला सांग, डावा डोळा झाला की परतीच्या वाटेवर येतो. छप्पर शाकारायचं हाय. मातीचा म्हणून टाकलेला तो नमुना परत दाखव म्हणावं, दोनी डोळ्यांनी बघतो."

"तो आधी बोलला होता मला, परत येशील म्हणून."

"तर काय, छप्पर काय एकदाच शाकारतात?"

त्यानं तुकडा चंचीत ठेवला, सीट मागं पाडायला सांगितली आणि उताणा झाला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. नागूनं उजवा डोळा मिटला आणि कर्जत येईपर्यंत डाव्या डोळ्यानं वर बघत राहिला.