शुक्रवारची पॉन्टियाक

लग्न होऊन कुलसुम हर्णैहून अबू धाबीला आली, त्याच्या थोडं आधी याकूबनं पॉन्टियाक विकून टाकली होती. त्यामुळे ती गाडी तिनं कधी पाहिली नाही, फक्त ऐकली. पाहुणे आले की ऐकली, मुलं जेवायला कुरकुरली की ऐकली, मोहम्मद बिन झायद सिटीच्या सिग्नलला शेजारी एखादी गाडी जरा जोरात गुरगुरली तरी ऐकली. तेल कंपनीतल्या एका अमेरिकन इंजिनियरनं मायदेशी परतताना याकूबला दिलेली पॉन्टियाक जीटीओ, एकोणसत्तरचं मॉडेल, बाटलीसारखा हिरवा रंग. शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर पोरं अल ऐनच्या बाजूला एका ओसाड रस्त्यावर गाड्या घेऊन जमायची आणि याकूब भल्याभल्यांना धूळ चारायचा. "मस्टँगवाला कुठे राहिला ते आरशातसुद्धा दिसायचं नाही!" हे वाक्य आलं की कुलसुम चहाचे कप उचलायला उठायची.

याकूबचं मुसाफ्फातलं स्पेअर पार्ट्सचं दुकान आता धाकट्या भावाकडे दिलेलं. याकूबच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुबईला जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरी करणाऱ्या ओवेसनं, त्यांच्या मुलानं, एके दिवशी फोन केला. त्याच्या ऑफिसातल्या शम्मा नावाच्या इमिराती बाईकडे तिच्या वडिलांची जीटीओ होती. नुसती झाकून ठेवलेली नव्हे, थंडीच्या दिवसांत ती तिला शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन पळवायची.

"अब्बा, शी इज इन्व्हायटिंग यू. सॅटर्डे मॉर्निंग."

त्या शनिवारी याकूब पहाटेच्या फज्रच्या नमाजनंतर झोपलाच नाही.

ओवेस दोघांना घेऊन ट्रॅकवर पोहोचला तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. दोन्ही बाजूंना वाळू आणि मधोमध सरळसोट काळी पट्टी, इतकी लांब की तिचं टोक थरथरत्या हवेत विरघळून गेलं होतं. गाडी सावलीत उभी होती. लालभडक. कुलसुमला वाटलं होतं, जुनी गाडी म्हणजे जुनीच दिसेल. ही तर दबा धरून बसल्यासारखी होती. लांबच लांब बॉनेट, त्यावर दोन नाकपुड्या, आणि इंजिनाचे फेरे मोजणारं एक मीटर चक्क काचेच्या बाहेर, बॉनेटवरच बसवलेलं.

याकूब गाडीभोवती एक फेरी मारून आला. हात पाठीमागे बांधलेले, दर्ग्यात असतात तसे. त्यानं कशालाच बोट लावलं नाही.

"आपली नाही," तो हळूच म्हणाला. "पण सख्खी बहीण आहे."

शम्मानं चावी फिरवली. आवाज कुलसुमच्या कानांत यायच्या आधी तिच्या चपलांखालच्या जमिनीतून वर आला, पोटात शिरला आणि बरगड्यांत जाऊन थांबला. तिनं नकळत ओढणी घट्ट धरली. इतकी वर्षं हा माणूस हा आवाज तोंडानं काढून दाखवायचा आणि सगळे हसायचे.

"अंकल, आप चलाओ," शम्मा म्हणाली. "आंटी को भी बिठाओ."

कुलसुम नको नको म्हणेपर्यंत ओवेसनं तिच्या डोक्यावर, ओढणीवरूनच, हेल्मेट चढवलं होतं.

रेषेपाशी याकूबनं क्लच दाबला. लोखंडी दरवाजा ढकलावा तसा तो जड होता. गुडघा थरथरला, पाय निसटला आणि गाडी एक आचका देऊन बंद पडली. मागे कुणीतरी शिटी मारली. याकूबची मान खाली गेली.

"खलास," तो म्हणाला. "उतरूया."

कुलसुमनं त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग पुढे पाहिलं. "मी पट्टा बांधलाय," ती म्हणाली. "आता मला सोडवता यायचा नाही. चालवा."

त्यानं दोन्ही हातांनी गुडघा चोळला. बिस्मिल्ला म्हणून पुन्हा चावी फिरवली. रेषेजवळच्या खांबावरचे पिवळे दिवे एकेक करत खाली उतरले, हिरवा लागला आणि कुलसुमची पाठ सीटला जाऊन चिकटली. बॉनेट आभाळाकडे उचललं गेलं. कुंपण, माणसं, वाळू, सगळ्याची मिळून एकच पिवळी रेघ झाली. गिअर बदलताना क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि पुन्हा कुणीतरी पाठीमागून ढकललं. ओरडायला तोंड उघडलं, पण छातीत हवाच नव्हती. कशीबशी मान वळवून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तो हसत असेल, फुशारला असेल. तो तसा नव्हता. चेहरा अगदी शांत, डोळे दूर कुठेतरी लागलेले. सव्वीस वर्षांचा एक मुलगा तिथे बसला होता, ज्याला ती कधी भेटलीच नव्हती.

टोकाला गाडी थांबली, इंजिन बंद झालं. तापलेलं लोखंड टकटक वाजत होतं. बाकी सगळं वाळवंट गप्प.

"एवढा जीव होता तिच्यावर, तर विकलीत कशाला?" कुलसुमचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

याकूब स्टिअरिंगकडे बघत राहिला. "तुझं इकडे यायचं पक्कं झालं ना, त्याच्या पुढच्या शुक्रवारी रेषेवर उभा होतो. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. शेजारची गाडी निघून गेली, मी तिथेच. भ्यायलेल्या माणसानं हिच्यात बसू नये गं."

"आणि आज?"

"आज तर फार वाटली. तू शेजारी होतीस."

तिनं त्याच्या थरथरत्या गुडघ्यावर हात ठेवला आणि परत येईपर्यंत तो काढला नाही.

याकूब उतरला, ओवेसच्या खांद्याचा आधार घेऊन. कुलसुम मात्र बसूनच राहिली. शम्मानं वाकून आत पाहिलं. "आंटी, एक बार और?"

"यल्ला, चलो," कुलसुम म्हणाली.

"अगं, आता कुठे!" याकूब ओरडला.

"तुम्ही नेहमी आतच असायचात. ही बाहेरून कशी जाते, ते कधी पाहिलंय?"

याकूब विचारात पडला. "नाही," तो म्हणाला.

"मग बघा."

या खेपेला शम्मा स्टिअरिंगवर बसली आणि कुलसुमनं डोळे सताड उघडे ठेवले. दिवे उतरले, जमीन गरजली, टायरांचा पांढरा धूर मागे उसळला आणि लाल गाडी त्या विरघळत्या टोकाकडे झेपावली.

ती परत आली तेव्हा याकूब कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभा होता. धूर अजून पट्टीवर तरंगत होता आणि तो त्याच्याकडेच बघत होता. कुलसुमनं हेल्मेट काढलं, त्याच्याजवळ गेली. "बाहेरून अशी जाते होय," तो धुरावरची नजर न काढता म्हणाला. ओवेसनं पाण्याची बाटली पुढे केली. ती न उघडता तो तशीच हातात धरून राहिला.