बाईसाहेबांची बादली

मित्रांनो, प्राणिसंग्रहालयात आलात की तुम्ही वाघ बघता, माकडं बघता, वाघ झोपलेला असला तर त्याच्या नावाने बोटं मोडता आणि परत माकडांपाशी येता. बादली बघायला कुणी येत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी पत्र्याची जुनी बादली आहे. अंगावर पोचे आहेत, बुडाला डाग दिलेले आहेत, तिकीट काढून बघावं असं माझ्यात काही नाही. पण या शहरातल्या सगळ्यात वजनदार बाईला इतकी वर्षं जेवायला बोलावण्याचा मान माझा आहे, म्हणून ही हकीकत सांगते.

एका पत्रेवाल्याने मला घडवलं. पत्रा कापला, वाकवला, सांधला, काठाला वळण दिलं, दोन बाजूंना दोन कान लावले आणि त्यांत कडी अडकवली. गिऱ्हाईक आलं की तो मला बोटाच्या पेराने वाजवून दाखवी आणि म्हणे, आवाज ऐका. गिऱ्हाइकाला आवाजाशी काय देणंघेणं? त्याला पाणी भरायचं असे. शेवटी प्राणिसंग्रहालयाचा माणूस आला. त्याने वाजवूनही पाहिलं नाही, एकात एक घालून आम्हा सगळ्या बहिणींना गाडीत टाकलं. कुणी हरणांकडे गेली, कुणी अस्वलाकडे. मी गेंड्याच्या मादीकडे आले.

तिला बाईसाहेब म्हणत. हे नाव तिच्या रखवालदाराने ठेवलं होतं. त्याला सगळे मामा म्हणत. कठड्याशी आलेली पोरं म्हणत आणि ऑफिसातले साहेबही म्हणत. बाईसाहेब दिवसभर बाहेरच्या अंगणात असे. तिथे चिखलाचं डबकं होतं, गवत होतं, चारी बाजूंनी कमरेएवढी भिंत आणि वर गज होते. संध्याकाळी तिने आतल्या खोलीत यायचं, मामांनी सरकता दरवाजा लावायचा, असा रिवाज होता. माझ्यात भिजवलेला कोंडा, भोपळ्याच्या फोडी आणि गाजरं भरून मामा बोळातून येत आणि हाक मारत, "बाईसाहेब, चला." ती कान फिरवी, चिखलातून अंग उचली आणि सरळ दाराशी येई.

कठड्याशी उभे असलेले लोक थक्क होत. हे लोक मी खूप पाहिले. वडील पोराला सांगत की हा आफ्रिकेतला, पाटी वाचून आई सांगे की नाही हो. दर चार माणसांमागे एकाला गेंड्याची कातडी बघून आपल्या साहेबाची आठवण येई, आणि हा विनोद आपल्यालाच सुचला असं वाटून तो आजूबाजूला बघे. एक बाई नवऱ्याला म्हणाली होती, "बघा, तिला एका हाकेत ऐकू येतं." नवऱ्याने ते ऐकलं नाही.

मामा अशा वेळी मान जरा ताठ करत. "मला ओळखते. माझ्याशिवाय कुणाच्या हाकेला हलणार नाही."

खरी गोष्ट अशी की मामांच्या सुट्टीच्या दिवशी बदलीचा माणूस मला घेऊन येई, तेव्हाही ती येत असे. दुसऱ्या दिवशी मामा त्याला विचारत, आली होती का? तो म्हणे, आली की. मग मामा म्हणत, सवय कुणी लावली? म्हणजे स्वतः हजर नसतानाचं श्रेयसुद्धा ते सोडत नसत. माणूस वाईट नव्हता. तिच्या कातडीच्या घड्या वरून दिसतात तशा दगडासारख्या नसतात, आत नाजूक असतात. तिथे रोज तेल लावणारे तेच.

माझ्याबद्दल मात्र त्यांना प्रेम नव्हतं. एकदा माझा एक कान तुटला. त्यांनी तिथे तार गुंडाळली. तेव्हापासून मी चालता चालता बोलू लागले. प्रत्येक पावलाला कडी किर्र करी आणि काठावर ठण् आपटे. किर्र-ठण्, किर्र-ठण्. मामा ऑफिसात जाऊन सांगत की या किरकिरीने डोकं उठतं, नवी बादली द्या. ऑफिस म्हणे, बघू. असं बघण्यात माझी बरीच वर्षं निघाली.

आणि अचानक नवी आली. निळी, जाड प्लॅस्टिकची, झाकणासकट. मामांनी ती सगळ्यांना दाखवली. मला बागेतल्या माळीणमावशींनी मागितलं. मामा म्हणाले, न्या, पुण्य लागेल. मावशींनी मला बाईसाहेबांच्या अंगणासमोरच्या वाफ्यापाशी पालथं घातलं आणि माझ्यावर बसून त्या खुरपू लागल्या. अन्न वाहणारी मी बसायच्या कामाला लागले. पालथं पडल्यावर जग तुम्हाला फक्त आवाजाने कळतं, हे मला तेव्हा समजलं.

त्या संध्याकाळी मामांची हाक आली. बाईसाहेबांची पावलं काही ऐकू आली नाहीत. मामांनी परत हाक मारली, मग आणखी मोठ्याने. अंगणात गवत होतं, चिखल होता, तिचं काय अडलं होतं? ती जागची हलली नाही. मामा कठड्यावरच्या लोकांना म्हणाले, आज मर्जी नाही. दुसऱ्या दिवशी मर्जी नव्हती. तिसऱ्या दिवशी मामांनी गूळ आणला, तेव्हाही नव्हती.

मर्जीवर सोडून देण्यासारखी गोष्ट असती तर कुणी बोललं नसतं. पण अंगणाच्या भिंतीला मोठी चीर गेली होती. चौथा दिवस उजाडला, आणि गवंडी दुसऱ्याच दिवशी यायचे होते. भिंत पाडून नवी बांधायची, तोवर बाईसाहेबांनी आत बंद असलंच पाहिजे. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी लांबून तिचं चालणं पाहिलं, शेण पाहिलं आणि आजार काही नाही असं सांगितलं. मग त्या मामांना बाजूला घेऊन, म्हणजे नेमक्या माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, "आज आत आली नाही, तर उद्या सकाळी सुई मारून बेशुद्ध करावं लागेल. तिचं वय बघता ती परत उठेल, याची खात्री मी देऊ शकत नाही."

मामांनी त्या दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मग गजांपाशी जाऊन, कठड्यावरच्या लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "बाईसाहेब, माझी लाज जाऊ दे. तुम्ही फक्त आत या."

संध्याकाळी ते निळी बादली घेऊन दाराशी उभे राहिले. डॉक्टरीणबाई बाहेर थांबल्या. इकडे मावशींना या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांना गुलाबांना खत घालायचं होतं. त्यांनी मला सरळ केलं, खत भरलं आणि गजांच्या कडेने निघाल्या.

किर्र-ठण्. किर्र-ठण्.

बाईसाहेबांचे कान फिरले. ती चिखलातून उठली. मामांना वाटलं, आपली हाक पोचली. ते आनंदाने आणखी हाका मारू लागले. तेवढ्यात मावशी दम खायला थांबल्या, तशी तीही थांबली. मावशी पुन्हा निघाल्या, तशी ती निघाली. पण दाराकडे नाही, गजांच्या कडेकडेने, मामांकडे पाठ करून, मावशींच्या मागोमाग. मामांची हाक अर्ध्यातच राहिली.

त्यांनी निळी उचलली. मग धावत बोळातून बाहेर आले.

"मावशी, ती बादली द्या."

"का? तुमची निळी आहे ना?"

"द्या हो."

"दिलेलं परत मागतात का मामा? पुण्याचं काय झालं?"

"निळी तुम्ही घ्या."

मावशींनी निळीकडे पाहिलं. "झाकणासकट?"

"झाकणासकट."

सौदा झाला. खत ओतून टाकायलाही मामा थांबले नाहीत. मला तसंच उचलून ते बोळात शिरले. या खेपेला त्यांनी हाक मारली नाही. नुसते चालले. मी मात्र त्या दिवशी जन्मात बोलले नसेन इतकी बोलले. बाहेर जड पावलं वाजली, दारात अंधार झाला आणि बाईसाहेब आत आली. तिने माझ्यात तोंड घातलं. भोपळ्याऐवजी आपलंच शेण, तेही कुजवलेलं, बघून तिने जो फूत्कार टाकला, त्याने मामांचा सदरा खतमय झाला. पण दरवाजा सरकला होता. खीळ पडली होती.

डॉक्टरीणबाई बाहेरून म्हणाल्या, अगदी साधेपणाने, "तिला डोळ्यांनी फारसं दिसत नाहीच, मामा."  मामांनी निळीतला कोंडा आणून तिच्यापुढे ओतला, आणि ती खात असताना तिच्या कानामागे खाजवत बसले. तिने मान त्यांच्या हाताकडे कलती केली. बदलीच्या माणसापुढे तिने कधी मान कलती केली नाही, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा हिशोब करायचाच तर असा आहे: हाक माझी, पण मान मामांची.

भिंत नवी झाली. मी परत माझ्या कामावर आहे. ऑफिसने माझा कान नीट करून देतो म्हटलं, तर मामा म्हणाले, हात लावू नका. कठड्याशी कुणी विचारलं, तुम्हाला ओळखते का हो, तर ते आधी खाकरतात, मग म्हणतात, "बादलीला ओळखते." आणि थोड्या वेळाने, माणूस निघाला की, "मलाही ओळखते तशी."

मित्रांनो, जुनी वस्तू जुनी आहे म्हणून जपा, असं मी म्हणणार नाही; गळकी बादली कुणाला हवी? पण टाकण्याआधी एवढं बघा, की तिच्याकडे कुणाचे कान लागलेले नाहीत ना. आणि इथे याल तेव्हा कठड्यावर काठ्या आपटू नका, आरोळ्या ठोकू नका. बाईसाहेबांना तुमचे चेहरे दिसत नाहीत, नवे कपडे दिसत नाहीत. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे तुमचा आवाज.

आता थांबते. मामांनी कडी उचलली आहे, आणि तिकडे चिखलात दोन कान वळले आहेत.